दळवीबाईंचं हळदीकुंकू

तळ्याच्या बागेत आता दगड गातात. म्हणजे दगडासारखे दिसणारे स्पीकर झाडांच्या बुंध्याशी ठेवलेत आणि त्यांतून सकाळ-संध्याकाळ बासरी वाजते. पेंग्विनच्या आकाराच्या कचरापेट्या आ वासून उभ्या असतात आणि त्यांच्या तोंडात केळ्याचं साल टाकायला सांगितलं की लहान मुलं रडतात. एका भिंतीवर दोन पंख रंगवलेत. मध्ये उभं राहिलं की कोणीही देवदूत होतो आणि मागची रांग त्या देवदूताला शिव्या घालते. या सगळ्याला ‘अभ्यागत सुविधा दर्जोन्नती प्रकल्प’ म्हणतात. मुलुंड पूर्वेच्या एका बऱ्यापैकी बागेवर एवढं जड नाव कोणी टाकलं ते कळलं नाही. आम्ही रोज सकाळी चालायला जाणारी माणसं अचानक अभ्यागत झालो.

पण त्या बागेचा विषय निघाला की मला ना पेंग्विन आठवत, ना पंख. मला दळवीबाई आठवतात.

शशिकला दळवी शाळेत आम्हाला इतिहास आणि नागरिकशास्त्र शिकवायच्या. पुढे मी लग्न होऊन ज्या बिल्डिंगमध्ये आले, त्याच बिल्डिंगमध्ये तळमजल्यावर त्या राहत होत्या. म्हणजे ज्या बाईंपासून सुटायचं म्हणून मी दहावी पास झाले, त्या आयुष्यभरासाठी शेजारी मिळाल्या. बाई बुटक्या, सुती साडी कडक इस्त्रीची, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट आणि खांद्याला कापडी पिशवी. लग्न केलं नव्हतं. का, असं विचारायची कोणाची छाती नव्हती. वडील गिरणीत होते, बालपण लालबागच्या चाळीत गेलं, गाव कणकवलीकडचं. एरवी बाई शुद्ध पुस्तकी बोलत, पण डोकं फिरलं की मालवणी बाहेर पडायची आणि समोरच्याने ते हवामानाचा इशारा समजून निघून जायचं.

बाईंच्या लेखी जगात दोनच प्रकारच्या गोष्टी होत्या: सोय आणि शोभा. सोसायटीने गेटला सोनेरी भाले लावले, बाईंनी विचारलं, “ही सोय की शोभा?” माझ्या नवऱ्याने नवा मोबाइल घेतला, पहिला प्रश्न हाच. माझ्या मुलीच्या साखरपुड्यात जावयाला पहिल्यांदा पाहिलं, तेव्हाही त्या माझ्या कानाशी आल्या आणि तेच विचारलं. उत्तर मला अजून नक्की सांगता येत नाही.

शाळेत त्यांची दहशत होती ती करंगळीमुळे. मराठी शाळेत शिकलेल्या कोणालाही ही खूण समजावून सांगायला नको. तासाला उठून करंगळी वर करायची, बाईंनी मान हलवली की पळत सुटायचं. बाकीच्या बाई मान हलवत. दळवीबाई हलवत नसत.

“तास संपल्यावर.”

“बाई, जोरात लागलीय.”

“मला लागत नाही का? सकाळी घरून निघते, दुपारी घरी जाते. मी धरते ना? तू पण धर.”

हा युक्तिवाद आम्हाला तेव्हा बिनतोड वाटायचा. पुढे कळलं की शिक्षिकांसाठी जे शौचालय होतं, त्यात जुने नकाशे, मोडकी स्टुलं आणि स्नेहसंमेलनातला एक पुठ्ठ्याचा किल्ला ठेवलेला असे. शाळेला दुसरी जागा नव्हती. शिक्षिकांची तक्रार नव्हती, कारण त्या पाणीच पीत नसत. अख्ख्या नोकरीत शाळेच्या वेळात आपण पाण्याचा घोट घेतला नाही, हे दळवीबाई छाती पुढे काढून सांगत. निवृत्तीनंतर त्यांना मूतखडा झाला, तोही त्यांनी शाळेने सत्कारात दिल्यासारखा मिरवला. नागरिकांचे हक्क शिकवणाऱ्या बाईंना आपलाही एखादा हक्क असेल असं वाटलं नाही. तो भाग बहुधा परीक्षेला नव्हता.

बाग हे बाईंचं दुसरं घर आणि नलूताई ही बागेतली त्यांची जोडीदारीण. नलूताई टिपणीस आमच्याच बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर राहायच्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा ऐरोलीला. अंगाने मऊ, बोलायला मऊ, त्यात मधुमेह. दोघी रोज सकाळी तळ्याला फेऱ्या मारत. बाई पुढे आणि बोलत, नलूताई मागे आणि ऐकत. दोघींचं इतकं छान चाललं होतं, याचं कारण हेच असावं.

मधुमेहामुळे नलूताईंना दर दोन फेऱ्यांनंतर ‘जाऊन यावं’ लागे. जुनं शौचालय पंपाच्या खोलीमागे होतं. अंधारं, ओलं आणि दाराला आतून कडी नाही. कडी कधी होती का, यावर बागेत मतभेद होते. तेव्हा बाई बाहेर दार धरून उभ्या राहत आणि आतल्या नलूताईंना आपण आहोत हे कळावं म्हणून मोठ्याने मराठी महिने म्हणत. “चैत्र, वैशाख, ज्येष्ठ, आषाढ…” सगळ्या बागेला ऐकू जाईल असा आवाज. साधारण भाद्रपदाच्या आसपास नलूताई बाहेर येत. आश्विन उजाडला की बाई विचारत, “नलू, बरी आहेस ना गं?”

नलूताईंसाठी बाई दार धरत. बाईंसाठी नलूताईंनी कधी धरल्याचं मी पाहिलं नाही. तशी वेळच येत नसे. बाई बागेतही पाणी पीत नव्हत्या.

मग दर्जोन्नती आली. रविवारी आमच्या बागेत मुंगीला वाट मिळत नाही. तळ्याभोवती फिरणारी झुकझुक गाडी आहे आणि तिच्यात बसायला भांडुपपासून ठाण्यापर्यंतची पोरं येतात. एवढी माणसं येतात तर त्यांना सुविधा हव्यात, असं कोणालातरी वाटलं. वाटलं ते चांगलंच. ‘नागरिक संवाद’ नावाचा कार्यक्रम झाला, मंडप घातला, वडे आले. उद्यानाचे साहेब तरुण होते, नम्र होते आणि त्यांनी पडद्यावर भावी बागेचं चित्र दाखवलं. त्या चित्रात उंच, सडपातळ, गोरी माणसं हिरवळीवरून हसत चालली होती. मुलुंडचं एकही माणूस त्यात नव्हतं.

बाई उठल्या. “साहेब, ही माणसं कुठली?”

“मॅडम, ती कॉम्प्युटरमधली आहेत.”

“तरीच. यांना लागली तर ती कुठे जातात?”

मंडपात खसखस पिकली. साहेब मात्र हसले नाहीत. त्यांनी पुढचं चित्र लावलं. नवं शौचालय, टाइल्सचं, आत आरसा, दाराला कड्या, बाहेर नथवाल्या बाईचं चित्र. आणि ते आता पंपामागच्या अंधारात नसणार होतं. “महिलांच्या सुरक्षेसाठी,” साहेब म्हणाले, “दार मोकळ्या, वर्दळीच्या जागी ठेवलंय. वर मोठा लाइट असेल. आणि समोरच ज्येष्ठ नागरिक कट्टा. म्हणजे सतत कोणीतरी लक्ष ठेवायला.”

टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. फक्त बाई उभ्याच राहिल्या. “समोर कट्टा? म्हणजे दारासमोर?”

“अगदी समोर, मॅडम. सेफ.”

“आणि पुरुषांचं दार?”

“ते मागच्या बाजूला. त्यांना काय, कुठेही चालतं.”

बाई काही बोलायला गेल्या, पण तेवढ्यात वडे वाटायला सुरुवात झाली आणि संवाद संपला.

काम सुरू झालं. सगळ्यात आधी काय पाडलं असेल, तर जुनं शौचालय. त्याच्या जागी हिरवी झाडं छापलेले पत्रे लागले आणि ‘पर्यायी व्यवस्था’ म्हणून स्टेशनच्या दिशेने बाण काढला. स्टेशन बागेपासून बरंच लांब आहे आणि तिथल्या व्यवस्थेबद्दल मी इथे काही लिहिणार नाही. झुकझुक गाडीच्या तिकीट खिडकीसमोर मात्र लगेच विमानतळासारखे स्टीलचे नागमोडी कठडे बसले. मंगळवारी दुपारी बागेत एकटं माणूस असलं तरी तिकिटासाठी त्याने सगळी वळणं घ्यायची.

अशाच एका रविवारी नलूताई ऐरोलीच्या नातवाला घेऊन त्या कठड्यांत उभ्या होत्या. मागे बाई, बाईंच्या मागे मी. पुढे गर्दी, मागे गर्दी. नलूताईंनी दोनदा मागे वळून बाईंकडे बघितलं. मग त्या एकदम थिजल्या आणि खाली बघायला लागल्या. मला काय झालं ते कळायच्या आत बाईंनी माझ्या हातातली पाण्याची बाटली हिसकावली, टोपण काढलं आणि अख्खी बाटली नलूताईंच्या कमरेपासून खाली साडीवर ओतली.

“अगो बाय माझे, सांडली की गो सगळी,” बाई ओरडल्या. “ही आमची वर्षा, बाटलीचं झाकण नीट लावत नाही कधी. शाळेपासून असंच. सरका हो, सरका. भिजली बिचारी.”

माणसं सरकली. सगळ्यांनी माझ्याकडे रागाने बघितलं. बाईंनी नलूताईंना कठड्याखालून वाकवून बाहेर काढलं, हाताला धरून घरी नेलं आणि वाटेत मला इतकं बोलत राहिल्या की खरोखर मीच काहीतरी केलं असावं असं मला वाटायला लागलं. दळवीबाईंबद्दल मला जे प्रेम वाटतं, ते त्या क्षणापासून. त्याआधी नुसती भीती होती.

त्यानंतर नलूताई बागेत आल्या नाहीत. गुडघे दुखतात म्हणाल्या. गुडघे दुखणाऱ्या नलूताई दिवसातून चार वेळा जिना उतरून भाजी आणत होत्या, पण ते असो. बाई एकट्या फेऱ्या मारायला लागल्या. बोलायची सवय सुटेना, तेव्हा त्या गाणाऱ्या दगडांशी बोलत. “बासरी पुरे,” एकदा त्या एका दगडाला म्हणताना मी ऐकलं, “एखादा नळ दे.”

पुढे शौचालय झालं. थाटात उद्घाटन झालं, फीत कापली. आणि खरं सांगायचं तर ते उत्तम होतं. स्वच्छ, उजेडाचं, कड्या धडधाकट. त्यात एकच उणीव राहिली. तिथे कोणी जाईना.

कारण समोरचा कट्टा कायम भरलेला असे. पहाटेपासून आमच्या भागातले यच्चयावत निवृत्त पुरुष तिथे दाराकडे तोंड करून बसत, कारण कट्ट्याची पाठ मागच्या बाजूला होती. त्यात सासरे होते, मोठे दीर होते, आमच्या शाळेचे माजी मुख्याध्यापक होते. मधोमध आमच्याच बिल्डिंगचे सामंतकाका. सामंतकाका भला माणूस, पण समोरून जाणाऱ्या प्रत्येकाला ‘काय, कुठे निघालात?’ असं विचारल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. रिक्षात बसलेल्या माणसालाही ते विचारत. आता मुलुंडमधली कुठली सून, कुठली बाई, डोक्यावर एवढा मोठा लाइट घेऊन, सासऱ्यांच्या डोळ्यांसमोर त्या दारात शिरेल? आणि वर सामंतकाकांना काय उत्तर देईल? बायका त्या दारापर्यंत जात, कट्टा बघत, पदर सावरत आणि नथवाल्या बाईचं चित्र फार आवडल्यासारखं दाखवून परत फिरत. मीही फिरले.

काही महिन्यांनी साहेब पाहणीला आले. त्यांनी कोरड्या फरशा बघितल्या, न वापरलेला साबण बघितला आणि त्यांचा चेहरा पडला. “प्रतिसादच नाही हो,” ते बाईंना म्हणाले. “एवढं सुंदर बांधून दिलं. महिलांना गरजच नाही असं दिसतंय. आमच्याकडे प्रस्ताव आलाय, इथे झुकझुक गाडीच्या आठवणींचं दुकान काढायचा. कॉफीचे मग, कीचेन, टोप्या.”

“कधी?”

“संक्रांत होऊन जाऊ दे. मग बघू.”

“दार फिरवता येत नाही?”

“मॅडम, दार आता मंजूर झालंय.”

“मग कट्टा फिरवा.”

“कट्टा तर ज्येष्ठांचा आहे,” साहेब घाबरून म्हणाले. हे मात्र त्यांचं बरोबर होतं. या शहरात तुम्ही तलाव हलवू शकता, डोंगर हलवू शकता, पण बसलेले पेन्शनर हलवू शकत नाही.

त्या दिवशी बाई घरी आल्या त्या सरळ माझ्या स्वयंपाकघरात. “वर्षा, हळदीकुंकू कसं करतात गं?”

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. संक्रांत ते रथसप्तमी आमच्या बिल्डिंगमध्ये घरोघर हळदीकुंकू असतं, पण दळवीबाईंना कधी कोणी बोलावलं नव्हतं. बिनलग्नाच्या, पिकल्या केसांच्या बाईंना बोलवायचं कसं, हे कोणालाच माहीत नव्हतं. आम्ही त्यांच्या घरी तिळगूळ पाठवत असू आणि तेवढ्यावर आमचं मन साफ होत असे.

“तुम्ही करणार? कुठे?”

“बागेत. कट्ट्यावर. रोज.”

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई कट्ट्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. मी थोडी मागे.

“काय बाई, कुठे निघालात?” सामंतकाका म्हणाले.

“इथेच आले. परवापासून रथसप्तमीपर्यंत रोज सकाळ-संध्याकाळ या कट्ट्यावर हळदीकुंकू आहे.”

“म्हणजे… आम्ही?” कोणीतरी विचारलं.

“तुम्ही थांबलात तरी माझी हरकत नाही. अत्तर लावू, गुलाबपाणी शिंपडू. फक्त वाण घ्यावं लागेल आणि उखाणा.”

मराठी पुरुष पोलिसांच्या लाठीला भीत नसेल, पण हळदीकुंकवाच्या घोळक्यात अडकायला भितो. घरात हळदीकुंकू असलं की हीच माणसं मित्राकडे, देवळात, कुठेही जाऊन बसतात. त्यात उखाणा म्हटल्यावर माजी मुख्याध्यापक त्याच क्षणी उठले. ठरल्या दिवशी कट्टा मोकळा होता. सगळी मंडळी पेंग्विनपाशी उभी होती.

पहारेकऱ्याने येऊन परवानगीबद्दल विचारून बघितलं. “हळदीकुंकवाला परवानगी?” बाई म्हणाल्या. “घे तिळगूळ.” त्याने घेतला. संक्रांतीच्या दिवसांत आमच्याकडे प्रत्येक पुढाऱ्याच्या घरचं हळदीकुंकू मांडव घालून, रस्ता अडवून होतं. तेव्हा कोणी परवानगी बघत नाही, तर एका निवृत्त मास्तरणीचं कोण अडवणार होतं?

राहिला एक प्रश्न. नलूताई.

आम्ही दोघी वर गेलो. नलूताईंनी दार अर्धवटच उघडलं. “शशी, वेडी आहेस का? मी कशी येऊ हळदीकुंकवाला? लोक काय म्हणतील?”

“कोण लोक?”

“अगं, हे गेले तेव्हापासून मी कोणाच्या हळदीकुंकवाला गेले नाही. चांगलं नाही ते.”

“नलू, मी तर लग्नच केलं नाही. मला आजवर कोणी बोलावलं नाही. ज्या हळदीकुंकवाची यजमानीणच मी, त्यात तू कसला नियम शोधतेस?” मग बाई वेगळ्याच आवाजात म्हणाल्या, “तुझ्यावाचून मी त्या दगडांशी बोलते गो. माका कंटाळो इलो.”

नलूताई साडी बदलायला आत गेल्या. जाताना डोळे पुसत होत्या. मीही पुसले.

त्या हळदीकुंकवासारखं हळदीकुंकू मी दुसरं पाहिलं नाही. सवाष्णी आल्या, विधवा आल्या, रविवारी झुकझुक गाडीसाठी आलेल्या परक्या बायकांना रांगेतून ओढून आणलं. बाई सगळ्यांना एकाच हाताने, एकाच बोटाने कुंकू लावत होत्या. नलूताईंना लावताना तेवढं कुंकू थोडं नाकावर सांडलं. काही जणींनी एकमेकींकडे बघितलं. बाईंनी त्यांच्याकडे बघितलं. ती नजर आम्ही नववीत असताना पाहिली होती, त्यामुळे विषय तिथेच संपला.

मग वाण. स्टीलच्या वाट्या नाहीत, प्लास्टिकचे डबे नाहीत. बाईंनी प्रत्येकीच्या हातात पाण्याची बाटली ठेवली. काठोकाठ भरलेली.

“इथेच संपवायची,” बाई म्हणाल्या. “वाण उष्टं ठेवत नाहीत.”

असा काही नियम नाही. पण बाईंना कोण सांगणार? बायकांनी बाटल्या संपवल्या. वर नलूताईंनी केलेलं कोकम सरबत होतं, दोन दोन पेले. मग गप्पा. बाईंनी मुद्दाम गप्पा लांबवल्या. थोड्या वेळाने एकेक जण चुळबूळ करायला लागली. समोरच दार होतं. कट्ट्यावर एकही सासरा नव्हता. पहिल्यांदा आमच्या बिल्डिंगच्या सामंतकाकू उठल्या आणि त्यांच्या मागे रांग लागली.

नलूताई आत गेल्या तेव्हा बाई सवयीने उठल्या आणि दाराबाहेर जाऊन उभ्या राहिल्या. आत कडी होती, चांगली भक्कम. तरीही त्यांनी सुरू केलं, “चैत्र, वैशाख, ज्येष्ठ…” रांगेतल्या बायका हसल्या आणि मग त्यांनीही म्हणायला सुरुवात केली. पेंग्विनपाशी उभ्या असलेल्या पुरुषांनी ते ऐकलं. त्यांना ती कसलीतरी आरती वाटली असावी, कारण दोघांनी हात जोडले.

रथसप्तमीच्या आधीच साहेबांना फोन गेला की बागेतल्या टाकीतलं पाणी दुपारपर्यंत संपतंय. साहेब धावत आले. ओल्या फरशा बघून, संपलेला साबण बघून त्यांचा चेहरा असा फुलला की मला त्यांची दया आली. “मॅडम, प्रतिसाद,” ते म्हणाले. दुकानाचा प्रस्ताव मागे पडला. मोठी टाकी मंजूर झाली. पुढे कुठल्याशा कार्यक्रमात या शौचालयाला उत्कृष्ट सुविधेचं स्मृतिचिन्ह मिळालं आणि ते साहेबांनी घेतलं. दळवीबाईंचं नाव कुठे नव्हतं. मी चिडले. बाई म्हणाल्या, “स्मृतिचिन्ह म्हणजे शोभा. टाकी म्हणजे सोय. आपल्याला आपला वाटा मिळाला.”

रथसप्तमी झाल्यावर पुरुष परत आले. बाईंनी त्यांना नम्रपणे कळवलं की चैत्रात चैत्रगौरीचं हळदीकुंकू महिनाभर असतं आणि श्रावणात शुक्रवार असतात. सामंतकाकांनी एकदम कॅलेंडर बघितलं. पण तशी वेळ आली नाही. त्या पंधरवड्यात बायकांना त्या दाराची सवय झाली होती, ती मोडली नाही. पुरुषांनाही मग हळूहळू सवय झाली. काही जणांनी तर पेपर वाचायला सुरुवात केली. त्यांना नजर ठेवायला दुसरी जागा सापडायला एवढा काळ लागला, एवढंच. फक्त सामंतकाकांची ‘कुठे निघालात?’ची सवय गेली नाही. बायका ‘इथेच’ म्हणून आत जात.

गेल्या वर्षी आमची बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला गेली. सगळे पांगले. बाईंना पुतण्याने दहिसरला नेलं. नव्या टॉवरमध्ये, बाविसाव्या मजल्यावर. खाली बाग आहे, कारंजं आहे, असं पुतण्या कौतुकाने सांगत होता. “सोय की शोभा?” बाईंनी विचारलं आणि पुतण्याला प्रश्नच कळला नाही.

जायच्या आदल्या संध्याकाळी आम्ही तिघी बागेत गेलो. नलूताई आणि मी बाकावर बसलो. दगड बासरी वाजवत होते. कट्टा खच्चून भरला होता. बाई आमच्याशेजारी बसल्या, पिशवीतून हळदीकुंकवातली एक बाटली काढली आणि पाणी प्यायला लागल्या. मी बघतच राहिले. इतक्या वर्षांत बाईंना घराबाहेर पाणी पिताना मी कधी पाहिलं नव्हतं. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. सगळ्या मुलुंडला त्या दारातून आत धाडणाऱ्या बाई स्वतः त्या दारातून कधी गेल्याच नव्हत्या. हळदीकुंकवातही त्यांनी सगळ्यांना पाजलं, स्वतः प्यायल्या नाहीत.

बाईंनी बाटली संपवली. टोपण नीट लावलं. बराच वेळ बसून राहिल्या. मग उठल्या, साडीच्या निऱ्या झटकल्या आणि कट्ट्यासमोरून, अगदी मधोमध, चालायला लागल्या.

“काय बाई,” सामंतकाका म्हणाले, “कुठे निघालात?”

बाई थांबल्या नाहीत. मानही वळवली नाही. त्यांनी फक्त उजवा हात वर केला आणि सगळ्या कट्ट्याला दिसेल अशी करंगळी दाखवली.

माजी मुख्याध्यापकांनी नकळत मान हलवली.

बाई आत गेल्या. कडी लागल्याचा आवाज आम्हाला बाकापर्यंत ऐकू आला. माझ्या शेजारच्या नलूताई उठल्या, आता खरोखरच दुखणाऱ्या गुडघ्यांनी चालत दारापर्यंत गेल्या आणि बाहेर पाठ टेकून उभ्या राहिल्या. आयुष्यात कधी मोठ्याने न बोललेल्या त्या बाईने बारीक आवाजात सुरू केलं, “चैत्र, वैशाख, ज्येष्ठ, आषाढ…” कट्ट्यावर कोणी हसलं नाही. भाद्रपद गेला, कार्तिक गेला. फाल्गुन झाला तरी दार उघडलं नाही, तेव्हा नलूताईंनी पुन्हा चैत्रापासून सुरुवात केली.